केरबा मिस्त्रीची यादी

आडोळी गावात केरबा नावाचा एक भोळा मिस्त्री राहायचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण माणसाचं बोलणं त्याला जसं ऐकू यायचं तसंच कळायचं. आणि एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. तीच अडचण होती.

बायको वारलेली. घरात तो आणि मुलगी कुंदा. कुंदा शेजारच्या गावी शाळेत शिकवायची. तिच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. इतका जुना, की बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठं तो जागा व्हायचा. तिच्या वर्गाचे सगळे निकाल त्यात होते.

कुंदा शाळेत गेली की केरबा त्याच्यापुढं बसे. त्याला जुन्या इंजिनांची चित्रं बघायला आवडायचं. चित्रं बघताना मधेच एखादी चौकट उडी मारून यायची. ‘अभिनंदन, तुम्हाला गाडी लागली आहे. इथे दाबा.’ केरबा दाबायचा. एकदा तर गाडी कुठं लावायची म्हणून त्यानं अंगणातलं जुनं लोखंड उचलून जागा करून ठेवली.

गाडी आली नाही. कॉम्प्युटर मात्र बंद पडला. कुंदानं तो तालुक्याला नेऊन दुरुस्त करून आणला आणि बापाला समोर बसवलं.

“आबा, अनोळखी कुणी आलं तर उघडायचं नाही. कितीही गोड बोलू दे.”

“नाही उघडत,” केरबा म्हणाला.

त्याच सुमाराला कुंदाला एक स्थळ आलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता. त्याचा मामा घर बघायला यायचा होता. तो मंगळवारी आला, तेव्हा कुंदा शाळेत होती. मामानं कडी वाजवली.

“कोण?” केरबानं आतून विचारलं.

“मी मुलाचा मामा.”

“तुम्ही याआधी कधी आला होता का?”

“नाही बुवा. पहिल्यांदाच येतोय.”

“मग अनोळखीच की,” असं म्हणून केरबानं अडसर लावला.

मामा भला माणूस होता. त्यानं तीन वेळा गोडीनं समजावलं. तो जसजसा गोड बोलत गेला तसतसा केरबाचा संशय पक्का होत गेला. शेवटी मामा शेजारी पाणी पिऊन माघारी गेला.

संध्याकाळी कुंदानं कपाळाला हात लावला. फोनवर मामाची माफी मागितली. मामानं राग गिळला. साखरपुड्याची तारीख ठरली.

“आबा, मी कॉम्प्युटरचं सांगत होते.”

“पण त्याला दार कुठंय?” केरबा म्हणाला. कॉम्प्युटरवर तो अजून सगळंच उघडत होता.

कुंदानं पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघा. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र असतं. कुलूप असेल तर जायचं. नसेल तर मागं फिरायचं.”

“कुलूप असेल तर जायचं,” केरबा म्हणाला. त्याला पटलं.

साखरपुड्याच्या पत्रिका छापून आल्या तशा तिनं त्याला त्या वाटायला पाठवलं. केरबा पहिल्या घराशी गेला. दार सताड उघडं. घरधनी म्हणाला, “या मिस्त्री.” केरबा मागं फिरला. दुसरं घर उघडं. तिसरं उघडं. चौथ्या घराला कुलूप होतं. त्या घरातली माणसं सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेली होती. केरबानं फटीतून पत्रिका आत सरकवली आणि हात जोडले. मग सोसायटीच्या गोदामाला दिली. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीला दिली. ग्रामपंचायतीच्या नव्या संडासाचं अजून उद्घाटन झालं नव्हतं, त्यालाही कुलूप होतं. तिथं त्यानं अक्षताही ठेवल्या.

सख्खे भाऊबंद दारात उभे राहून बघत होते. संध्याकाळपर्यंत सगळी आळी रुसली. कुंदा दोन दिवस घरोघरी फिरून हात जोडत होती.

“आबा, नुसत्या कुलपावर जायचं नसतं,” ती दमून म्हणाली. “नावही वाचायचं. ठग लोक एखादं अक्षर बदलतात. अक्षर चुकलेलं दिसलं की तिथनंच परत.”

“तिथनंच परत,” केरबा म्हणाला.

शुक्रवारी कुरियरवाला आला. मुलाकडच्यांनी साखरपुड्याची साडी पाठवली होती. केरबानं नाव वाचलं. “आमची कुंदा. ही कुंडा आहे. परत न्या.”

“अहो, लिहिताना चुकलं असेल.”

“चुकणारच. ठगाचंच चुकतं.”

साडी आली तशी परत गेली. मामानं दुसऱ्यांदा राग गिळला, पण आता पोटात जागा उरली नव्हती. तो फोनवर म्हणाला, “कुंदाबाई, आता आणखी काही झालं तर हे जमलेलं मोडलं समजा.”

कुंदा घाबरली. बापाला शिकवण्यात अर्थ नाही, आता कॉम्प्युटरलाच शिकवायचं, असं तिनं ठरवलं. तिनं त्यात एक यादी उघडली. केरबा बाजूला बसून बघत होता.

“काय करतेस?”

“फसव्या जागांची नावं लिहितेय. आणि प्रत्येक नावापुढं आपल्याच घरचा पत्ता घालतेय.”

“आपल्या घरचा?”

“म्हणजे ह्याच कॉम्प्युटरचा. मग तुम्ही कुठंही दाबा. तो तिकडं जायला निघाला की फिरून घरीच येतो. वाईटाची वाटच बंद.”

केरबा चकित झाला. वाईटाचं नाव लिहायचं आणि पुढं आपल्या घरचा पत्ता. इतकी सोपी युक्ती त्यानं आजवर ऐकली नव्हती. कॉम्प्युटरही खरोखर सुधारला. चौकटी उडी मारेनाशा झाल्या.

पुढच्या आठवड्यात पोलीस चौकीचा हवालदार गावात आला. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. “ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावं-पत्ते लिहून द्या,” तो चावडीवर म्हणाला. कुणी तोंड उघडेना. केरबाला मात्र माहीत होतं. चोरीची तार विकायला त्याच्याकडे सात जण येऊन गेले होते आणि सातांनाही त्यानं हाकलून दिलं होतं. त्यानं कागद घेतला. सुवाच्य अक्षरात सात नावं लिहिली. प्रत्येक नावापुढं लिहिलं: केरबा मिस्त्रीचं घर, आडोळी.

रविवारी साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी वेळेच्या आधीच आली. गाव अजून जमायचं होतं. बायका आत कुंदाजवळ गेल्या. ओसरीवर मुलगा, त्याचे वडील, मामा आणि चौघे भाऊबंद फेटे बांधून बसले.

तेवढ्यात दारात पोलिसांची मोठी गाडी थांबली. तालुक्याहून नवे फौजदार आले होते. हातात केरबाची यादी होती.

“केरबा मिस्त्रीचं घर हेच?”

“हेच.”

“सात जण आहेत म्हणे इथं.”

केरबानं ओसरीवर बोट फिरवत मोजलं. “सातच आहेत, साहेब.”

“कधीपासनं?”

“आत्ताच जमलेत.”

मामा उठून मोठ्यानं बोलू लागला. फौजदार म्हणाले, “हा म्होरक्या दिसतोय. ह्याला आधी बसवा.”

कुंदा पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. ओसरी रिकामी होती. गाडी वेशीपलीकडं धुरळा उडवत चालली होती.

“आबा, पाहुणे कुठं गेले?”

“नेले पोलिसांनी,” केरबा म्हणाला. त्यानं ताटातले थोडे पोहे घेतले. “तू काळजी करू नकोस. सातांच्याही नावापुढं मी आपलाच पत्ता घातलाय. कुठंही नेले तरी फिरून घरीच येतील.”