येसाक्काच्या सायकलीची खुळखुळ

फार वर्षं झाली. इतकी, की ज्या करंजाखाली आता एस.टी. थांबते, त्याला विचारलं तर तोही म्हणेल, बाबा, मी तेव्हा रोप होतो. त्या काळात खिंडीच्या तोंडाशी एक गवताचं छप्पर होतं आणि छपराखाली इमाम शिकलगार सायकली दुरुस्त करत बसायचा.

इमामचा कान मोठा तिखट. असं म्हणतात, डोंगरापलीकडून सायकल यायला लागली की हा इकडं पाना हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "नामा येतोय. साखळी कोरडी पडलीय त्याची." मग बऱ्याच वेळानं नामा यायचा, आणि साखळी कोरडीच असायची. नामा म्हणायचा, "भाई, तुझ्यापुढनं चोरी करून पळायची सोय न्हाई." इमाम हसायचा. बोलणं कमी, हसणं जास्त, असा माणूस.

खिंडीच्या वरच्या अंगाला गाव आणि खाली उतारावर वाडी. गावात येसाक्का राहायची. येसाक्का सुईण. खालच्या वाडीत कुणी अडलं की सांगावा यायचा आणि आक्का लुगड्याचा काचा घट्ट मारून सायकलवर बसायची. बाई सायकलवर बसते म्हणून आधी लोक हसले. मग त्यांच्याच घरात पाळणे हलायला लागले, तेव्हा हसायचे थांबले.

आता मुद्द्याचं ऐका. सायकलीच्या हँडलखाली दोन वाट्या असतात, एक वर आणि एक खाली. त्यांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या लोखंडाच्या गोळ्या असतात. त्यांना छर्रे म्हणतात. त्या छर्ऱ्यांवर हँडल वळतं. वाटी ढिली पडली की हँडल खुळखुळतं. आक्काची वाटी ढिली पडली. रस्ता सगळा दगडाधोंड्यांचा, त्यामुळं आक्का उतार उतरायला लागली की खुळखुळ खुळखुळ असा आवाज साऱ्या दरीत भरायचा.

आणि झालं काय, वाडीतल्या बाया त्या आवाजाला कान लावून बसायला लागल्या. घरात पोर कळा देत असायची, कण्हत असायची, म्हणायची, "आत्ये, मी न्हाई वाचत." तेवढ्यात लांबून खुळखुळ यायची. "आली गं बाई आक्का! ऐक, आली!" मग पोरीच्या अंगात कुठनं बळ यायचं देव जाणे. असं म्हणतात, कितीक लेकरं तर आक्का दारात पोचायच्या आतच, नुसत्या आवाजावर जन्माला आली.

पण इमामला तो आवाज सोसायचा नाही. एक दिवस त्यानं आक्काला थांबवलं. पुढचा ब्रेक दाबला, हँडल मागं-पुढं हलवलं आणि वाटीवर बोट ठेवलं. आत कट्‌कट्‌ असा धक्का बसत होता.

"आक्का, हे बरं न्हाई. म्हसोबाच्या वळणावर एक दिवस हँडल दगा देईल. खाली दरी हाय."

"दगा द्यायला ते काय जावई हाय व्हय?" आक्का म्हणाली. "आवळ काय आवळायचं ते, पण बिगी बिगी."

इमामनं वाटी आवळली. खुळखुळ गेली. सायकल अशी चालायला लागली की मांजर चालतंय.

दुसऱ्याच आठवड्यात वाडीतली हौसा अडली. दुपारची वेळ, ऊन उतरलेलं. घरातल्या बाया दरीकडं कान लावून बसल्या. आवाज नाही. हौसा विचारायची, "आली का?" बाया पुन्हा दरीकडं कान लावायच्या. पोरीनं धीरच सोडला, डोळे मिटून घेतले. आक्का दारात येऊन उभी राहिली तरी तिला खरं वाटेना. आक्कानं तिला आणि बाळाला कसंबसं मरणातनं ओढून आणलं, पण घाम फुटला सगळ्यांना.

मग वाडीतल्या बाया पदर खोचून खिंड चढल्या. पुढं हौसाची सासू, गंगूबाई.

"इमाम," ती म्हणाली, "तू वाटी न्हाई आवळलीस, आमच्या पोरींचा धीर आवळलास."

इमामनं हातातला पाना खाली ठेवला.

"अगं गंगूआत्या, पण आक्का दरीत गेली तर?"

"इतकी वर्सं न्हाई गेली ती! सोड ती वाटी. आत्ताच्या आत्ता सोड."

वाडीतल्या बायांपुढं कुणाचं चाललंय? इमामनं पाना घेतला आणि वाटी पुन्हा ढिली केली. खुळखुळ परत आली, बाया खुशीत उतरून गेल्या. इमामचं मात्र जेवणावरचं मन उडालं. आक्का उतार उतरायला लागली की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा, आणि आवाज वळणापलीकडं गेल्यावरच श्वास सोडायचा. महिने गेले. आवाज दिवसेंदिवस जाड होत गेला. इमामला कळत होतं, आता छर्रे फिरत नाहीत, घासतायत.

आणि मग गजराचा दिवस आला. गजरा म्हणजे त्याच गंगूबाईची लेक, पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिचा भाऊ रावजा धापा टाकत गावात सांगावा घेऊन आला. आक्का लगेच निघाली, रावजा मागोमाग पळत. छपरासमोर आली तसा इमाम आडवा आला आणि त्यानं हँडलच धरलं.

"उतर आक्का."

"इमामा, पोर अडलीय तिकडं! सोड!"

"उतर म्हणतो ना. चालत गेलीस तर सांज होईल, आणि हिच्यावर गेलीस तर पोचणार न्हाईस."

रावजा अंगावर धावून गेला. "भाई, माझ्या बहिणीला काय झालं तर हातपाय मोडीन तुझे!"

"मोड. पण आधी ही सायकल धर."

आणि रावजानं का कोण जाणे, धरली.

इमामनं हँडल काढलं. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, खाली ओढला. वाटीला आरपार चीर गेलेली. छर्रे गोल राहिलेच नव्हते, दाळीसारखे चपटे झालेले. आक्कानं एक छर्रा बोटांत धरून फिरवून पाहिला, तो फिरेना. इमामनं नव्या वाट्या ठोकल्या, ग्रीस भरलं, नवे छर्रे बसवले. रावजा म्हणाला, "त्यातले बरे बरे जुने घाल की, लवकर होईल." इमाम म्हणाला, "जुने नि नवे एका वाटीत नांदत न्हाईत रं, सवती असतात त्या." वरचा नट त्यानं बोटानं बसवला, मग केसभर मागं सोडला. खुळखुळणार नाही असा घट्ट, आणि एका बोटानं वळेल असा सैल. असं म्हणतात, तेवढा सगळा वेळ सूर्य डोंगराच्या शेंड्यावर अडकून राहिला. काम झालं तेव्हा सावली होती तिथंच होती.

आक्का सायकलवर बसली आणि एकदम थांबली.

"इमामा, आवाज?"

इमामनं कमरेची तंबाखूची डबी काढली. पितळेची, त्याच्या बापाची. तंबाखू झाडून टाकली, ते झिजलेले छर्रे सगळे तिच्यात ओतले, झाकण दाबलं आणि ट्यूबच्या पट्टीनं डबी हँडलला बांधली. सायकल जरा हलवली.

खुळखुळ खुळखुळ.

"जा आता," तो म्हणाला.

आक्का सुटली. म्हसोबाच्या वळणावर गुरांचा कळप आडवा आला. आक्कानं हँडल वळवलं, ते लोण्यातनं सुरी फिरावी तसं वळलं. सायकल दरीच्या काठाला घासून निघाली. गुराखी सांगायचे, चाकाखालचे खडे दरीत पडताना आम्ही ऐकले. जुनी वाटी असती तर खड्यांमागं आक्का गेली असती. आणि खाली वाडीत गजरानं मान वळवून विचारलं, "आये, वाजतंय का गं?" गंगूबाई म्हणाली, "वाजतंय बाळा. लई जवळ वाजतंय."

गजराला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी गंगूबाई एकटीच खिंड चढली. इमामसमोर तंबाखूचा एक पुडा ठेवला. इमाम म्हणाला, "आत्या, डबी न्हाई आता माझ्याकडं." मग दोघंही हसली.

पुढं इमाम गेला. नंतर आक्काही गेली. असं म्हणतात, आक्का गेली त्या सकाळी सायकल भिंतीला टेकून उभी होती, कुणी हात लावला नव्हता, आणि डबी वाजली. वाडीत तेव्हा एक बाई अडली होती. ती सुखरूप सुटली.

आता खाली डांबरी रस्ता आहे. तालुक्याच्या दवाखान्याची गाडी दारात येते. पण वाडीतली कुठलीही लेक-सून बाळंतपणाला त्या गाडीत चढली की घरातली थोरली बाई आधी ती पितळेची डबी, आक्कामागं वाडीनंच जपलेली, आणते आणि तिच्या शेजारी बसते. गाडी दवाखान्याच्या दारात लागेपर्यंत ती डबी हलवत राहते. नवा ड्रायव्हर असला तर विचारतो, "मावशी, काय वाजतंय हे?"

मावशी म्हणते, "आक्का येतीय. तू गाडी हाण."