काचेला चिकटलेला नवरदेव

"किती वेळ पाण्यात ठेवला की फोटो काचेवरून सुटतो, चाचा?"

दस्तगीर चाचा दर्ग्याच्या ओसरीत शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"महापुरात किती दिवस होता?"

"आठ."

"सुटला?"

"नाही. तेव्हाच तर चिकटला."

"मग? पंचगंगेला जमलं नाही ते तुझी बादली करणार?"

विचारणारा अभिनंदन मगदूम. पुण्याला संगणकाच्या कंपनीत मोठा साहेब. केवढा मोठा, ते तो न विचारता सांगतो. पाठीवर लॅपटॉप, काखेत चाचांकडून आठ दिवसांपूर्वी नेलेला जुना स्कॅनर, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेली काच. काचेला आतून त्याच्या आईबापाच्या लग्नाचा फोटो चिकटलेला.

त्यानं सगळं कट्ट्यावर मांडलं. शेवटी खिशातलं दाढीचं पातं काढून शेजारी ठेवलं.

चाचांनी पात्याकडं बघितलं. एक शेंग फोडली.

चाचा काही फकीर नव्हेत. जन्मभर फोटो काढले, पुरात दुकान गेलं, झाडून साऱ्या निगेटिव्ह गेल्या, संगणक गेला. हा एक स्कॅनर कपाटावर होता म्हणून वाचला. तेव्हापासून ओसरीत बसतात. लोक फोटोचं विचारायला येतात आणि भलतंच काही ऐकून जातात. परत येतात मात्र.

मागून पद्माक्का आल्या. अभिनंदनची आई. भिंतीला हात लावत, पायरी चाचपत.

"दस्तगीरभाऊ, ह्याला काहीतरी सांगा. काल कोपऱ्यात पातं घातलं ह्यानं. मांडवाची झालर सोलून निघाली. आज झालर गेली, उद्या ह्यांचं मुंडकं जाईल."

"आई, दुसरा इलाज नाही."

"इलाज न्हाई म्हणं! पगार कशाचा घेतोस मग?"

पद्माक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या. लोक काशी बघतात, ताजमहाल बघतात. पद्माक्कांना नवऱ्याचं तोंड बघायचं होतं.

नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी गेला. अभिनंदन तेव्हा पाच महिन्यांचा. माणूस बोलायला कमी. नणंद मात्र पन्नास वर्षं बोलत आली… आमच्या अण्णाला ही करायचीच नव्हती, फोटोत बघा कसं तोंड पाडून उभा आहे.

घरात फोटो तो एकच. आणि त्यात मांडव, वऱ्हाड, वाजंत्री, सगळं घातलेलं. नवरदेवाचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. पाडलंय की नाही, कुणाला कळणार?

"मला ते परातीएवढं करून बघायचं हाय," पद्माक्का म्हणाल्या. "मग डोळे जाईनात का कुठं जायचे ते."

चाचांनी आणखी एक शेंग फोडली.

"दोन नवे स्कॅनर घेतले होतेस. त्यांचं काय झालं?"

"काचेतून घेतला की धुरकट येतो. यंत्रं एकदम आधुनिक आहेत हं चाचा, वहीएवढी पातळ, वेगळी वीज लागत नाही…"

"पातळ झाली तशी नजर पण गेली त्यांची. नाकाला टेकलेलं तेवढं दिसतं. काचेच्या जाडीएवढं लांब गेलं की आंधळी."

"माझं तसंच झालंय," पद्माक्का म्हणाल्या. "नाकाला लावल्याशिवाय दिसत न्हाई."

"तुम्ही नव्या मॉडेलच्या, आक्का."

पद्माक्का हसल्या. साहेब हसले नाहीत.

"म्हणून तर तुमचा हा म्हातारा नेला ना! याला काचेमागचं दिसतं म्हणालात. दिसत असेल. पण याच्या कंपनीनं दहा वर्षांपूर्वीच याचं सॉफ्टवेअर बंद केलं. माझा लॅपटॉप याला ओळखच देईना. शेवटी कुठल्याशा परदेशी माणसानं हौसेनं लिहिलेलं सॉफ्टवेअर शोधून काढलं. ओळख पटली. बटण दाबलं, तर नुसतं खर्र… खर्र… आणि बंद."

"मग?"

"मग दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. सहा सॉफ्टवेअर झाली, चाचा! सगळ्यांची तीच खरखर. माझा आता सिद्धांत झालाय. जुनं यंत्र आणि नवा संगणक, जुळणं शक्यच नाही."

"सिद्धांत," चाचा म्हणाले, आणि दाणा तोंडात टाकला.

"तेव्हा हा घ्या तुमचा म्हातारा. आणि फोटो कसा सोडवायचा तेवढं सांगा."

"सांगतो. आधी मला सांग, आठ दिवस ह्याला कुठून कुठून बघितलंस?"

"म्हणजे?"

"वरून बघितलंस?"

"बघितलं."

"झाकण उघडून?"

"उघडून, पुसून, सगळं केलं."

"लॅपटॉपमधून?"

"तेच तर करत होतो आठ दिवस."

"बरं…"

चाचांनी मांडीवरची टरफलं झटकली. स्कॅनर उचलला, आणि ढेकर काढायला तान्हं पोर घेतात तसा मांडीवर पालथा घातला.

पोटाशी एक बारीकशी कळ होती. तिच्याशेजारी कुलपाचं चित्र.

अभिनंदन बघत राहिला.

चाचांनी अंगठ्यानं कळ सरकवली. टक्.

"हे… हे काय?"

"कुलूप. प्रवासात आतला दिवा आपटू नये म्हणून. तू नेलास त्या सकाळी मीच लावलं होतं."

"अहो मग सांगायचं नाही?"

"सांगत होतो की. 'घरी गेल्यावर आधी…' इथवर आलो होतो. तू म्हणालास, 'चाचा, माझं हे रोजचं काम आहे.' मी गप बसलो. तुझं रोजचं काम, मी कोण मध्ये बोलणार?"

पद्माक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "लहानपणापास्नं अस्साच हाय. पोहायला शिकवायला गेले तर म्हणतंय, येतंय मला. आणि बुडालं."

"आई!"

"बुडाला न्हवतास?"

"पण नव्या यंत्रांना कुलूपच नसतं, चाचा! मला कसं कळणार?"

"नव्यांना वजन कुठं असतं, बेटा? कुलूप कशाला लागतंय?"

अभिनंदननं लॅपटॉप उघडला. स्कॅनरची एक वायर त्याला, दुसरी ओसरीतल्या विजेच्या बोर्डाला जोडली. काच टॉवेलातून काढून स्कॅनरवर ठेवली, फोटो काचेसकट, चिकटलेला तसाच.

"यातलं कुठलं सॉफ्टवेअर चालवू?"

"पहिलं."

"पहिलं? ते तर आठ दिवसांपूर्वीच…"

तो बोलता बोलता थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहिलंच सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी बरोबर होतं. पुढची पाच फुकट मार खाऊन गेली.

त्यानं बटण दाबलं. डोळे मिटून घेतले.

खरखर आली नाही.

आतला दिवा लागला आणि संथपणे निघाला, घूंऽऽ करत, ओसरीतल्या पोत्याखालून मांजर जावं तसा.

"चालला!" अभिनंदन ओरडला. दर्ग्याच्या कळसावरचे पारवे उडाले. "चालला, चाचा! आई, चालला!" साहेब खाली बसले, चक्क टरफलांत. इतक्या दिवसांचा श्वास एकदम सोडला. मग त्यानं ते पातं उचललं आणि लांब बोरीच्या काट्यांत भिरकावून दिलं.

"तिकडं शेळ्या येतात," चाचा म्हणाले. "उचल ते."

उचलून आणलं. कागदात गुंडाळलं. आणि मग नवरदेवाच्या तोंडापुरता चौकोन आखून, यंत्राला जमेल तेवढं मोठं करायला सांगून, परत बटण दाबलं.

आता मोठी नक्कल यायची म्हणून दिवा अगदी मुंगीच्या पावलानं चालला. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायला लागली. पद्माक्कांनी नाक पडद्याला लावलं.

आधी फेटा.

मग मुंडावळ्या.

मग कपाळ, त्यावर पुराच्या पाण्याचा एक डाग.

चाचांचं शेंगा फोडणं थांबलं.

मग डोळे उतरले.

पद्माक्कांनी एक बोट पडद्यावर ठेवलं.

"बघत्यात."

"कोण? कुठं?"

"माझ्याकडं बघत्यात."

अभिनंदन वाकला. फोटोत मान ताठ, समोर. पण दोन्ही बुबुळं पार डाव्या कोपऱ्यात गेलेली. डाव्या बाजूला, आधी घेतलेल्या अख्ख्या नकलेत, खाली मान घालून नवरी उभी होती.

"आई, थांब जरा. अजून तोंड यायचंय. ओठ येऊ देत, मग ठरवू पाडलंय की…"

"तू बस ओठ बघत. माझं झालं."

त्यांनी डोळे पुसले आणि एकदम वीस वर्षांनी लहान झाल्यासारख्या मांडी घालून बसल्या. "उद्या सकाळीच वन्संना बोलाव. म्हणावं, चहाला या. परातीएवढं अण्णाचं तोंड दाखवते तुम्हाला."

"परातीएवढं कशाला, भिंतीएवढं करतो," अभिनंदन म्हणाला. तोही आता पडद्यापासून हलेना. बापाचे डोळे त्यानं पहिल्यांदाच बघितले होते. आपल्यासारखेच, जरा बारीक.

"तरीच," पद्माक्का म्हणाल्या. "तो फोटोवाला सारखा ओरडत होता, नवरदेव, इकडं बघा… नवरदेव, इकडं बघा की. मला वाटलं, हे कंटाळून दुसरीकडं बघत असतील. खांबाकडं वगैरे."

"कोण होता फोटोवाला?"

"हा काय, शेंगा खातोय."

अभिनंदन सावकाश वळला.

"चाचा… फोटो तुम्ही काढलात?"

चाचांनी मान डोलावली.

"म्हणजे ते कुठं बघत होते, हे तुम्हाला पन्नास वर्षं ठाऊक होतं! आणि मला आठ दिवस रात्रंदिवस… पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

चाचांनी एक दाणा पद्माक्कांच्या तळहातावर ठेवला.

"सांगितलं असतं… तर आक्कांना माझ्यावर विश्वास ठेवावा लागला असता."