पंगतीतून उठलेला घंटावाला

एका गावात डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती मंडळींचं एक देऊळ होतं, आणि त्या देवळात एक घंटावाला होता. घंटा उंच मनोऱ्यात टांगलेली. तिचा दोर खालपर्यंत पोचत नसे, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ साठ पायऱ्या चढाव्या लागत. आजोबांनी ती घंटा वाजवली, बापाने वाजवली, आता हा वाजवत होता. दुसरं काही मिरवण्यासारखं त्याच्यापाशी नव्हतं.

नाही म्हणायला एक होतं. खाणं. गावात कार्य कुणाच्याही घरी असो, याला आमंत्रण ठरलेलं. पंगत आटोपत आली की लाडवांचं ताट याच्यापुढे यायचं, भोवती कोंडाळं जमायचं आणि लोक मोजायला लागायचे. "चाळीस झाले. वाहवा, असा गडी पंचक्रोशीत नाही." की हा फुलून एक्केचाळिसावा उचलायचा. लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, आणि देवळाच्या पायऱ्या मात्र त्याला चढवेनात.

एका रविवारी तो तिसाव्या पायरीवरच धापा टाकत बसला. खाली मंडळी ताटकळली, घंटेचा पत्ता नाही. उपासना झाल्यावर देवळाच्या पाळकांनी त्याला जवळ बोलावलं.

"बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतोय," ते म्हणाले. "तो संपला की पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. त्या दिवशी पहाटेची घंटा वेळेवर व्हायला हवी. झेपणार नसेल तर आत्ताच सांग, दोर दुसऱ्याच्या हाती देऊ."

"दोर माझ्या हातातून जायचा नाही," तो म्हणाला. आवाज चढला होता, पण आतून तो हादरला होता.

त्याने कडक उपवास धरला. दिवसभर अन्नाचा कण नाही. पण दुपारपासून नजर मावळतीकडे, आणि दिवा लागला रे लागला की सहा भाकऱ्या, वाटीभर ठेचा, वर गुळाची ढेप. आठवड्याने पायऱ्या होत्या तेवढ्याच अवघड राहिल्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दादा, आमच्यात म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. तुमच्या उपवासाचंही तेच का?"

तो चिडला आणि तडक पाळकांकडे गेला. "रोज प्रार्थना करतो, प्रभू, माझी भूक कमी कर. ऐकतच नाही तो."

पाळक हसले नाहीत. "देवळात प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी आपण काय करतो?"

"आपापलं मन तपासतो."

"त्या एका भाकरीआधी तपासतोस. मग घरच्या भाकरींनी काय पाप केलंय?"

हे बोलणं त्याला झोंबलं, म्हणूनच लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने दिवसभर उपाशी राहणं सोडलं; भाकरीच्या दुरडीकडे हात गेला की तो थांबायचा आणि विचारायचा, भूक कसली आहे? सकाळची भूक खरी निघाली, तेव्हा तो पोटभर जेवला. दुपारी हात गेला तेव्हा पोट गप्प होतं. शेजारणीचा टोमणा सलत होता. संध्याकाळी हात गेला तो घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून. आणि लाडवांची पंगत आठवून तोंडाला पाणी सुटलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. इतकी वर्षं तो लाडू खात नव्हता, लोकांची वाहवा खात होता.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाजेच्या मागोमाग राग आला, आणि त्या रागातच त्याने गुडघे टेकले. "प्रभू, रानात तू उपाशी होतास, सैतानाने भाकरीचं आमिष दाखवलं, आणि तू नाही म्हणालास. माझी भूक राहू दे. मला तुझं ते 'नाही' दे."

उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात पाटलाच्या नातवाचं बारसं आलं. पंगत उशिरा बसली. घंटावाला भुकेपुरतं जेवला आणि थांबला. तेवढ्यात बुंदीच्या लाडवांचं ताट त्याच्यापुढे आलं. तुपाचा वास नाकात शिरला, जीभ वळवळली, कोंडाळं जमलं.

"आज साठ," पाटील म्हणाले. "साठ पायऱ्यांचे साठ लाडू. होऊन जाऊ दे."

लोक हसले, टाळ्या पिटू लागले. त्याचा हात उचलला गेला होता. लाडवाला बोटं लागली, आणि तिथेच त्याने विचारलं, भूक कसली आहे? बोटं मागे आली. बाहेर उन्हं कलली होती, संध्याकाळच्या घंटेची वेळ झाली होती. तो उठून उभा राहिला.

पंगत चपापली. सगळ्यांचं होण्याआधी पंगतीतून उठायचं नाही, अशी गावाची रीत. पाटील लाल झाले. "भरल्या पंगतीतून उठतोस? अन्नाचा अपमान करतोस?"

"अन्नाचा अपमान मी इतकी वर्षं केला, पाटील, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात," तो म्हणाला. "आज भुकेपुरतं खाल्लं. नातवाला आशीर्वाद देतो. पण माझं पोट गावच्या करमणुकीचं नाही आणि माझ्या जिभेच्या मालकीचंही नाही. त्याचा धनी वर आहे. त्याची वेळ झालीय."

"परत आमंत्रण मिळायचं नाही," कुणीतरी ओरडलं.

"नका देऊ," म्हणत तो चालू लागला.

तिसाव्या पायरीवर दम लागला. तो भिंतीला टेकला, पण बसला नाही. एकतिसावी चढला, बत्तिसावी चढला. खाली पंगतीत लोक अजून त्याचीच टवाळी करत होते. तेवढ्यात घंटा वाजली. रोजच्यासारखीच वाजली, पण हातातले घास हातात राहिले, आणि समोरच्या लाडवांच्या ताटाकडे पाहायची कुणालाच हिंमत झाली नाही.

सणाच्या पहाटे तो सगळ्यांच्या आधी मनोऱ्यात हजर होता. दोर त्याच्याच हाती राहिला. जीभ मात्र अजून मागते. तो तिला म्हणतो, "माग बाई, मागायला तुला बंदी नाही. द्यायचं की नाही, ते आम्ही दोघं ठरवू, मी आणि माझा प्रभू."

तात्पर्य: भूक भाकरीने भागते, हाव कशानेच भागत नाही, म्हणून घास उचलण्याआधी देवासमोर स्वतःला विचारावं, आणि हाव निघाली तर भरल्या पंगतीतूनही उठावं.