बुरांशाची मिटलेली पानं

झाडं बोलायची, क्वचित ऐकायचीही, त्या काळी हिमालयाच्या उतारावर बुरांश नावाचा एक वृक्ष होता. त्याला पहिलीच कळी आली होती आणि ती जगवायचीच, असं त्यानं ठरवलं होतं. थंडी पडताच त्यानं पानं गुंडाळून घेतली.

एकदा लख्ख ऊन पडलं. शेजारच्या फुलझाडानं, अझेलियानं, पानं पसरली. “अहो बुरांशराव, ऊन दारात आलंय आणि तुम्ही तोंड लपवता?”

“जमीन गोठलेली आहे, बाई. उघडलेली पानं पाणी मागतात. ते कुठून आणू?”

ती खूप हसली. चार दिवसांत तिची पानं वाळली, कळ्याही गळल्या. बुरांशानं मात्र जमिनीतला बर्फ वितळेपर्यंत पानं उघडली नाहीत.

वसंतात त्याचं लालभडक फूल पाहायला मधमाश्या जमल्या. “घाई करू नका, असं मीच बजावलं होतं बुरांशरावांना,” अझेलिया म्हणाली.

बुरांशानं तिला खोटं पाडलं नाही. त्याला फुलायचं होतं, जिंकायचं नव्हतं.