नखुली खेकडी आणि लाल ओढा

एक होती खेकडी. केवढी? एवढीशी. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. म्हणून तिचं नाव नखुली.

नखुली ओढ्यात राहायची. एका चपट्या दगडाखाली. दगडावरून पाणी जायचं, झुळझुळ झुळझुळ. त्या पाण्यात एक मासोळी होती. ती नखुलीची मैत्रीण. मासोळी सरळ पोहायची, सुळकन. नखुली तिरकी धावायची, तुर तुर तुर. तरी दोघींचं छान जमायचं.

एके दिवशी काय झालं?

पाणी लाल झालं. भडक लाल. वर पांढरा फेस आला, फस फस फस. उग्र वास सुटला.

बेडूक म्हणाला, "माझं अंग खाजतंय." बेडूक गेला. टुणुक टुणुक.

चतुर म्हणाला, "मला कसंसंच होतंय." चतुर गेला. भिर्र.

गोगलगायीने शिंगं आत घेतली. तीही गेली. हळू... हळू... हळू.

मासोळी म्हणाली, "नखुले, डोळे चुरचुरतात गं. श्वास कोंडतो." मासोळी पण गेली. सुळकन.

उरली नखुली.

"कुणी आहे का?" कुणी नाही.

"मासोळी, आहेस का?" कुणी नाही.

नुसता फेस. फस फस फस.

नखुली दगडावर चढून बसली. एकटी. एक दिवस गेला. दुसरा दिवस गेला. बोलायला कुणी नाही, खेळायला कुणी नाही. नखुलीने आपल्याच नांग्या वाजवून पाहिल्या. टिक टिक. मजा आली नाही.

मग नखुली उठली. म्हणाली, "मी मासोळीला घेऊन येते."

निघाली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर.

खाली, लांब, एक डोह होता. तिथे दुसऱ्या ओढ्याचं पाणी यायचं. स्वच्छ पाणी. कपारीत मासोळी लपली होती.

"मासोळी गं मासोळी, घरी चल ना!"

"मी नाही गं बाई. आधी ओढा निवळू दे, मग मी येते."

"मग मी इथेच राहू?"

"नको गं! इथे मोठे मासे आहेत. तुला गट्ट करतील. मी पण दिवसभर लपूनच असते. एकटी." मासोळीचा आवाज अगदी बारीक झाला.

नखुली मागे फिरली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर.

गेली ओढ्याकडे.

"ओढ्या रे ओढ्या, निवळ ना!"

"कशाला गं?"

"मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

ओढ्याचा घसा बसला होता. तो खोकला. खळ्ळ खळ्ळ. "मी नाही गं बाई. मला का लाल व्हायला आवडतं? हे बघ, इथे गटार येऊन मिळतं. आधी गटार आटू दे, मग मी निवळतो."

नखुली निघाली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर.

गेली गटाराकडे.

"गटारा रे गटारा, आट ना!"

"कशाला गं?"

"ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

गटार गुरगुरलं. गुडगुड गुडगुड. "मी नाही गं बाई. वरून पाणी आलं की मी वाहणार. आधी रुखमाकाकूंना थांबू दे, मग मी आटतो."

रुखमाकाकू कोण? त्या सूत रंगवायच्या. अंगणात मोठी चूल. चुलीवर मोठी कढई. कढईत लाल रंग, रटरट रटरट. सूत रंगलं की काकू उरलेलं पाणी गटारात ओतायच्या. भदाक्!

नखुली निघाली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर. गटाराच्या काठाकाठाने अंगणात पोचली.

"काकू हो काकू, ओतायच्या थांबा ना!"

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "अगं बाई, खेकडी! कशाला गं?"

"गटार आटेना,
ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

काकूंचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी ते पदराला पुसले. पण ते लालच राहिले.

"मी नाही गं बाई. एवढं पाणी मी ओतू तरी कुठे? हौद असता तर हौदात ओतलं असतं. रंग तळाशी बसला असता. आधी दस्तगीरचाचांना हौद बांधू दे, मग मी थांबते."

नखुली निघाली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर.

दस्तगीरचाचा गवंडी. भिंत बांधायचे, पार बांधायचे, हौद बांधायचे. आज मात्र हातावर हात ठेवून बसले होते.

"चाचा हो चाचा, हौद बांधा ना!"

"कशाला गं?"

"काकू थांबेनात,
गटार आटेना,
ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

चाचांनी दाढी खाजवली. "मी नाही गं बेटी. दगड नाहीत, वाळू नाही, कशाने बांधू? सगळं गाढवाच्या पाठीवरून येतं. आणि गाढव बसलंय रुसून. आधी गाढवाला उठू दे, मग मी बांधतो."

नखुली निघाली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर. पाय दुखायला लागले. आठही दुखायला लागले.

गाढव बाभळीखाली बसलं होतं. कान खाली. मान खाली.

"गाढवा रे गाढवा, ऊठ ना!"

"कशाला गं?"

"चाचा बांधेनात,
काकू थांबेनात,
गटार आटेना,
ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

गाढव म्हणालं, "मी नाही गं बाई. पोट बघ माझं. कसं खपाटीला गेलंय! रिकाम्या पोटी दगड कोण उचलणार? आधी गवत वाढू दे, मग मी उठतो."

नखुली निघाली. तिरकी... तिरकी... तुर... तुर... तुर.

गवत डोंगराच्या पायथ्याशी होतं. ओढ्याच्या काठावर. पिवळं, सुकलेलं, आडवं पडलेलं.

"गवता रे गवता, वाढ ना!"

गवत हळूच बोललं. "कशाला गं?"

"गाढव उठेना,
चाचा बांधेनात,
काकू थांबेनात,
गटार आटेना,
ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

गवत म्हणालं, "मी नाही गं बाई. मी ओढ्याचं पाणी प्यायलो. लाल पाणी. माझी मुळं जळली. आधी कुणीतरी मला चांगलं पाणी देऊ दे, मग मी वाढतो."

"कोण देईल पाणी?"

"मला नाही माहीत."

"आता मी कुणाकडे जाऊ?"

"ते पण मला नाही माहीत," गवत म्हणालं.

आता जायला कुणी उरलंच नाही.

मासोळी झाली. ओढा झाला. गटार झालं. काकू झाल्या, चाचा झाले. गाढव झालं, गवत झालं. सगळे संपले.

नखुली गवतापाशी बसली. दुपारचं ऊन. डोक्यावर तापतंय, पाठीवर तापतंय. ती हळूच म्हणाली, कुणाला नाही, आपल्या आपणच म्हणाली,

"गवत वाढेना,
गाढव उठेना,
चाचा बांधेनात,
काकू थांबेनात,
गटार आटेना,
ओढा निवळेना,
मासोळी येईना,
आणि मी एकटी, एकटी."

कुणी "कशाला गं?" म्हणालं नाही.

नखुलीला रडू आलं. खेकडीचं रडू कसं? एवढंसं. एक थेंब. तो पण उन्हात लगेच वाळून गेला.

ऊन वाढलं. पाठ चटचट भाजायला लागली. ऊन लागलं की खेकडी काय करते? बीळ करते. नखुलीने माती उकरली. खर्र खर्र. अजून उकरली. खर्र खर्र.

वरची माती गरम. खालची माती थोडी गार. त्याखालची माती अजून गार.

नखुली थांबली. नांगीने माती चाचपली. माती ओली होती!

"इथे पाणी आहे?"

खर्र खर्र. खर्र खर्र. एवढीशी खेकडी, एवढीशी नांगी, एवढीशी माती. पण ती थांबली नाही. डोकं आत, पाय आत, सगळी नखुली आत. खर्र खर्र, खर्र खर्र, आणि...

टिप्.

एक थेंब आला. लाल? नाही. फेस? नाही. वास? तो पण नाही. डोंगराच्या पोटातलं पाणी होतं ते. पावसाचं पाणी मातीत मुरलेलं, वाळूतून गाळलेलं, निवळशंख.

टिप् टिप्. टिप् टिप्. झिर झिर झिर.

"गवता, पी रे!" बिळातून नखुली ओरडली.

गवत प्यायलं. एक दिवस प्यायलं. दोन दिवस प्यायलं. नखुली रोज उकरायची, गवत रोज प्यायचं. मग पिवळ्यातून एक हिरवं पातं वर आलं. मग दुसरं. मग कितीतरी!

गवत वाढलं.

गाढवाला वास लागला. ते आलं, आणि चरायला लागलं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. पोट भरलं. गाढवाने कान टवकारले. "ह्याँ हो! ह्याँ हो!"

गाढव उठलं.

पाठीवर दगड आले, पाठीवर वाळू आली. टपटप टपटप. चाचांच्या दारात ढीग झाला. चाचांनी थापी घेतली. थप थप थप.

चाचांनी हौद बांधला.

काकूंनी कढई उचलली. गटाराकडे गेल्या नाहीत. हौदाकडे गेल्या. भदाक्! पाणी हौदात पडलं. रंग हळूहळू तळाशी बसला. वरचं पाणी काकूंनी पुन्हा कढईत घेतलं. तळाचा गाळ वाळवून पोत्यात भरला. तोंड घट्ट बांधलं. "आता हा ओढ्यात जायचा नाही," काकू म्हणाल्या.

काकू थांबल्या.

वरून पाणी येईना. गटार गुरगुरलं, गुडगुड... गुड... गु... आणि गप्प झालं.

गटार आटलं.

नखुली धावत ओढ्यावर गेली. तिरकी तिरकी, तुर तुर तुर!

पण ओढा लालच होता.

"ओढ्या, अजून लाल?"

"थांब गं," ओढा म्हणाला. "एवढा मळ एका दिवसात जातो होय?"

नखुली दगडावर बसली. वाट पाहिली. एक दिवस गेला, ओढा लाल. दुसरा दिवस गेला, ओढा गुलाबी. तिसरा गेला, चौथा गेला. वरून नवं पाणी यायचं, जुनं पाणी पुढे जायचं. नखुली बसूनच होती. एकटी. फेस कमी झाला. फस... फ... मग तोही गेला.

एके सकाळी नखुलीने खाली पाहिलं. तळाची वाळू दिसली. एक एक कण दिसला.

ओढा निवळला.

"मासोळी!" नखुलीने हाक मारली.

कुणी नाही.

"मासोळी गं!"

कुणी नाही. बेडूक आला नाही. चतुर आला नाही. गोगलगाय कुठवर गेली होती कोण जाणे. नखुली पाण्यात उतरली. पाणी गार होतं, गोड होतं. पण पाण्याशी खेळणार कोण?

इतक्यात पायाला काहीतरी लागलं. गुदगुली झाली.

नखुलीने वळून पाहिलं.

मासोळी होती! दमलेली, बारीक झालेली, शेपटीचं टोक फाटलेलं. डोहापासून उलट्या पाण्यातून पोहत पोहत आली होती.

"ओढा निवळला ना गं?" मासोळीने विचारलं. "मला लांबून चव कळली."

नखुलीने मोठा श्वास घेतला आणि एका दमात सांगितलं,

"गवत वाढलं,
गाढव उठलं,
चाचांनी बांधला,
काकू थांबल्या,
गटार आटलं,
ओढा निवळला,
मासोळी आली,
आणि..."

"आणि काय गं?" मासोळीने विचारलं.

"आणि मला भूक लागलीय!"

मासोळी हसली. बुडबुड बुडबुड. दोघी शेवाळ खायला गेल्या. एक सरळ, एक तिरकी.

ओढा वाहतोय झुळझुळ, आपली गोष्ट झाली, चला निजू या गुपचूप.