नातालबायची पेज

फार वर्षांपूर्वी, इतक्या की आपल्या आज्याच्या आज्यानेही ही गोष्ट नुसती ऐकलीच होती, आपल्या गावात दुमिंग नावाचा बाव, म्हणजे विहीर, खणणारा राहत होता. त्याने जमिनीला कान लावला की खालचं पाणी त्याला हाक मारी, असं म्हणतात.

एका साली समुद्र आत शिरला आणि गावातल्या साऱ्या बावी खारट झाल्या. लेकरांचे ओठ फुटले. लोकांनी ठरवलं, ईस्टरपर्यंत गोडं पाणी लागलं नाही तर गाव सोडायचं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून दुमिंग म्हणाला, "या उपवासकाळात मी असा कडक उपास करीन, की देवाला पाणी द्यावंच लागेल."

मग तो खणत गेला आणि उपाशी राहत गेला. बाव खोल झाली, दुमिंग काडीसारखा झाला. पण खाली कोरडा कातळच लागला.

येशूच्या मरणाच्या शुक्रवारी, भर दुपारी, तो बावीच्या तळाशी कोसळला. तेव्हा शिडीवरून कोण उतरलं? शेजारची विधवा नातालबाय. दुमिंगने दोघांच्या शेतांमधला बांध हळूच तिच्या शेतात पुढे सरकवला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तिच्या हातात पेजेचं मडकं होतं.

"दुमू, तोंड उघड."

"नको बाय. उपास मोडेल. आणि तुझ्या हातचं खायला मला तोंड कुठे आहे? मी पापी माणूस."

"ते मला ठाऊक आहे रे! बांध माझाच सरकवलायस ना? पेज गरम आहे, आधी पी."

दुमिंग रडत रडत पेज प्याला. दोन थेंब कातळावर सांडले. तिथेच कातळ चिरला आणि पाणी उसळलं. उसाच्या रसासारखं गोड होतं, असं म्हणतात. दोघं शिडी चढत होती आणि पाणी त्यांच्या टाचांमागून चढत होतं.

वर येताच दुमिंगने कुदळ घेतली आणि पाण्याचा घोटही न घेता आधी बांध मागे नेला.

उपासाने आपलं मन मऊ होतं, लेकरांनो. पाणी मात्र देव फुकटच देतो.

म्हणून राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आपल्या गावात अजून घरोघरी पेज शिजते. ज्याने आपलं वाईट केलं, त्याच्या दारी ती आपण न्यायची. त्याने ती प्यायची, मगच गावाचा उपवासकाळ सुरू होतो. शेजारच्या गावचे हसतात, "तुम्ही उपासाची सुरुवात जेवून करता!"

हसू देत. उन्हाळ्यात त्यांच्या बावी आटल्या, की हंडे घेऊन ते नातालबायच्या बावीवरच येतात. आणि आपण त्यांना पहिला नंबर देतो.