ओढ्यापलीकडचा मृदंग

पिंपळदरे या लहानशा गावी भानुबुवा महाराजांचा मुक्काम असे, त्या काळची ही गोष्ट. गावाच्या एका अंगाला विठोबाचे देऊळ, मधून वाहणारा ओढा आणि पलीकडे पीरसाहेबांचा दर्गा. दर्ग्याचे मुजावर बाळेखानचाचा हेच महाराजांचे मृदंगवाले. सप्ताह बसला की चाचा सकाळी दर्गा झाडून काढत, पीरापुढे ऊद घालत, मग घरच्या गव्हाची कणीक भिजवून फडक्यात गुंडाळत आणि ओढा ओलांडून देवळात येत. ती कणीक मृदंगाच्या डाव्या पुडीवर बसली की असा घुमारा निघे, की महाराज म्हणत, "चाचा, तुमची थाप पडली की विठोबा विटेवर सावरून उभा राहतो बघा."

तेवीस वर्षे हे चालले. त्यात काही वेगळे आहे असे कुणाच्या मनातही आले नाही.

मग आली लोकल बोर्डाची निवडणूक. गावचे आनंदराव रणनवरे उभे राहिले. रस्ता करतो, विहीर बांधतो, असे सांगून माणसे जमेनात, तेव्हा त्यांनी धर्म पुढे काढला. सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी काल्याच्या कीर्तनाला चाचा देवळाच्या पायरीशी आले, तर आनंदराव आडवे उभे. शेजारी तालुक्याहून आणलेला मृदंगवाला.

"काय चाचा, मशिदीची वाट चुकलात वाटतं?" आनंदराव म्हणाले. मागची दोघे-चौघे हसली. "यापुढं देवळात आमचा माणूस वाजवील. तुम्ही आपला पीर सांभाळा."

"रावसाहेब, तुमच्या बारशाला याच हातांनी वाजवलंय."

"तेव्हा मी पाळण्यात होतो. आता बोर्डावर जायचंय."

बाकीचे गावकरी खाली मान घालून उभे राहिले. चाचा माघारी फिरले.

घरी त्यांची बायको मालनबी वाटच बघत होती. "आपल्या आळीतली माणसं चिडलीत," ती म्हणाली. "आज विठोबाची पालखी दर्ग्यापुढनं जाऊ द्यायची नाही म्हणतात. काठ्या काढल्यात."

"तेच तर हवंय रावसाहेबांना," चाचा म्हणाले आणि डोके धरून बसले. आपल्या एका मृदंगापायी गाव फुटणार, हे त्यांना सोसवेना.

एवढ्यात ओढ्याच्या काठावरून सोनाबाई गुरवीण हाका मारत आली. "चाचा, महाराजांचा निरोप हाय. म्हणाले, साथीशिवाय माझं कीर्तन उभं राहत नाही, बसाल तिथनं वाजवा."

"अगं बाई, मृदंग तिकडं, मी इकडं. वाजवू काय, कपाळ?"

"ते मी नाही इचारलं. महाराजांना कोण इचारणार?"

चाचा उठले आणि दर्ग्याच्या पायरीवर जाऊन बसले. फडके सोडले, कणीक पायरीच्या दगडावर थापली आणि तिच्यावर हात ठेवला. पलीकडून टाळांचा नाद आला, पाठोपाठ महाराजांचा धीरगंभीर आवाज. चाचांनी डोळे मिटले आणि थाप मारली.

त्याच क्षणी देवळात मृदंग बोलला. काय तो घुमारा!

'चांगला हात आहे तालुकेवाल्याचा,' चाचांच्या मनात आले. आपल्यावाचून महाराजांचे अडले नाही, याचे त्यांना बरे वाटले आणि वाईटही वाटले. डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी हात उचलला, तर तिकडे मृदंग बंद पडला. 'अडखळला बिचारा,' असे म्हणून चाचांनी पुन्हा दगडावर ठेका धरला. तिकडेही मृदंग चालू झाला.

दर्ग्यापुढे काठ्या घेऊन उभी असलेली आळीतली माणसे कधी चाचांच्या हाताकडे बघत, कधी देवळाकडे.

तेवढ्यात ओढ्याचे पाणी तुडवत आनंदराव आले. धोतर भिजलेले, तोंडचे पाणी पळालेले. देवळात तालुकेवाल्याने हात लावण्याआधीच मृदंग वाजू लागला होता. तो बिचारा हात जोडून बाजूला झाला होता. महाराज एवढेच म्हणाले होते, "रावसाहेब, वाजवणारा ओढ्यापलीकडं बसलाय. बघून या."

आनंदरावांनी चाचांचे मनगट धरले. देवळातला मृदंग थांबला. त्यांनी हळूच मनगट सोडले आणि चाचांचा हात दगडावर पडला. ओढ्यापलीकडून थाप ऐकू आली.

आनंदराव दर्ग्याच्या पायरीशी वाकले. काठ्या घेतलेल्या माणसांच्या देखत त्यांनी चाचांच्या पायांवर डोके ठेवले.

"चाचा, मी देवासाठी काही केलं नाही. मतांसाठी केलं. तुमच्या आळीत काड्या घालायलाही मीच माणूस पाठवला होता."

आळीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने काठी खाली टाकली, मग दुसऱ्याने. चाचांनी आनंदरावांना दंडाला धरून उठवले. "पाया काय पडता, रावसाहेब? पीरासमोर मला लाज वाटते. चला, काला व्हायचाय."

आनंदराव चाचांना हाताला धरून ओढ्यात उतरले. मागोमाग सगळी आळी उतरली. देवळात महाराज वीणा घेऊन उभेच होते. आनंदराव धावत जाऊन त्यांच्या पायांशी कोसळले आणि काही सांगू लागले.

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ते मागनं सांगा, बाळ. आधी चाचांना बसायला जागा द्या. अभंग अर्धा राहिलाय."

आनंदराव सरकले, आपले उपरणे मृदंगापुढे अंथरले आणि त्यावर चाचांना बसवून, सगळ्या गावासमोर पुन्हा एकदा वाकले.